दारातली गाडी आणि द्वारकेचा चौक

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे, म्हणजे जुन्या नाशकात आणि वडाळ्याच्या बाजूला, लग्नाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "मुलाकडे गाडी आहे का?" गाडी म्हणजे चारचाकी. बाईकला आता कोणी गाडी म्हणत नाही. काही ठिकाणी हाच प्रश्न उलटा होऊन मुलीच्या बापासमोर येतो. त्याला दहेज म्हणतात, दुसरं नाव नाही. पण दोन्हीकडची माणसं गाडीचा हिशेब मात्र कधी मांडत नाहीत. तो मांडूया.

ऑन-रोड आठ लाखांची साधी पेट्रोल गाडी धरा. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के वाहनकर आहे, तो यात आलाच. दोन लाख हातचे, सहा लाख कर्ज, ९ टक्के दर, सात वर्षं. हप्ता पडतो साधारण ९,६५० रुपये. सात वर्षांत बँकेला ८ लाख ११ हजार जातात, म्हणजे २ लाख ११ हजार निव्वळ सूद. सुदाबद्दल आपल्या घरांत जे बोललं जातं ते मी इथे पुन्हा सांगत नाही. एवढंच म्हणतो की घरकर्जासाठी दहा आलिमांना विचारणारी माणसं शोरूममध्ये वीस मिनिटांत सही करून बाहेर येतात.

पुढे पेट्रोल. महिन्याला ६०० किलोमीटर चालवली आणि शहराच्या गर्दीत लिटरला १५ मिळाले, तर ४० लिटर. चार हजारांच्या वर. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग मिळून दोन-अडीच हजार धरा. एकूण झाले महिन्याला सोळा हजार. सव्वीस दिवसांत वाटले तर रोजचे सहाशे रुपये! एवढ्यात रोज रिक्षाने जाऊन-येऊन हातात पैसे उरतील. अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत नव्याने लागलेल्या आपल्या पोरांचा पगार किती असतो, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय सात वर्षांनी हप्ते फिटतात तेव्हा गाडीची किंमत निम्म्याहून खाली आलेली असते.

घरात आजारी माणूस असेल, अपंगत्व असेल, धंद्याचा माल न्यायचा असेल, तर गाडी गरज आहे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आठवड्यातले सहा दिवस गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीशी. ती उभी राहते ती जागा तिच्या मालकाची नसते. कथडा, भद्रकालीच्या बोळांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी अडकतात. जुम्याच्या नमाजनंतर तिथे अशा गाड्या लागलेल्या असतात की कोणाला छातीत दुखलं तर ॲम्ब्युलन्स चौकातच थांबावी.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे रस्ता रुंद करा, पूल बांधा. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन्ही महामार्ग द्वारकेला भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल होऊन दहा वर्षं उलटली, तरी खालचा चौक संध्याकाळी तुंबतोच. पायी चालणाऱ्यांसाठी केलेला भुयारी मार्ग वर्षानुवर्षं नीट वापरातच आला नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी आणखी रस्ते होतील, काही दिवस मोकळे वाटतील आणि मोकळा रस्ता बघून आणखी लोक गाडी घेतील.

मला विचाराल तर पैसा बसवर लागावा. जुलै २०२१ मध्ये महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. चांगली गोष्ट झाली. पण पगार थकले म्हणून वाहकांनी वारंवार संप केले आणि ज्याला वेळेवर कामावर पोचायचं त्याचा विश्वास उडाला. त्याच वर्षी केंद्राच्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते. तिचा एक खांबही आपण पाहिलेला नाही. याउलट एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. मालेगावला माहेरी जाणाऱ्या बायकांना त्याचा किती आधार वाटतो, हे घरात विचारा.

जपानमध्ये १९६० च्या दशकापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी महाराष्ट्रातही असाच नियम आणायची भाषा केली. लगेच ओरड झाली की बंगलेवाल्यांना काय फरक पडतो, वाड्यात राहणाऱ्यांनी काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. पण त्याच वाड्यातल्या ज्यांच्याकडे गाडीच नाही, आणि ते जास्त आहेत, त्यांच्या चालण्याची जागा गाडीखाली गेलीय. नियम आणायचा तर आधी बस दाराशी आणा, हे मात्र मी जोडेन.

तोवर दोन कामं आपल्या हातात आहेत. मस्जिदच्या ट्रस्टींनी जुम्याला गल्लीच्या तोंडाशी चार पोरं उभी करावीत आणि चारचाकी आत सोडू नये. आणि अंबड-सातपूरच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला वडाळा नाक्याकडे थेट बस हवी, असा अर्ज मोहल्ल्याच्या सह्यांनिशी महापालिकेत द्यावा. अर्ज तरुणांनी लिहावा, सह्या बायकांच्याही घ्याव्यात.