पैसा कोठून आला, हें कोणास विचारतात?

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन ग्रंथकाराच्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीला शंभर वर्षें होऊन गेलीं. ती १९२५ सालीं निघाली. ग्रंथकर्ता १९४० सालीं वारला तेव्हां तिला फारसें कोणी विचारीत नव्हतें. आज अमेरिकेंतल्या शाळांतून ती मुलांना नेमतात. मीं ती कोश शेजारीं घेऊन अडखळत वाचली. विद्वान सांगतात कीं ही विफल प्रेमाची कथा आहे, आणि झगडा एका बाईवरून दोन पुरुषांचा. पुस्तक मिटल्यावर मला तसें मुळींच वाटलें नाहीं.

जे गॅट्सबी हा नॉर्थ डाकोटांतल्या दरिद्री शेतकऱ्याचा पोर. लष्करांत असतां त्याचा डेझी नांवाच्या श्रीमंत मुलीवर जीव जडला. तो लढाईवर गेला. तिनें १९१९ सालीं टॉम ब्युकॅनन याच्याशीं लग्न केलें. लग्नाच्या आदल्या दिवशीं टॉमनें तिला साडेतीन लाख डॉलरांचा मोत्यांचा हार दिला. पुढें अमेरिकेंत दारूबंदी आली (ती १९२० ते १९३३ होती), आणि गॅट्सबी चोरट्या दारूवर गबर झाला. त्यानें डेझीच्या घरासमोर, खाडीच्या पलीकडे, वाडा घेतला. अलीकडच्या वस्तींत वडिलोपार्जित धनाचे लोक, पलीकडे नव्यानें मिळविलेले. मधलें पाणी थोडें, पण ओलांडतां येत नाहीं. खरा झगडा येथें आहे.

हा टॉम करतो काय? घोड्यांवर बसून पोलो खेळतो. त्यानें स्वतः एक डॉलर मिळविल्याचें मला पुस्तकांत कोठें आढळलें नाहीं. जेवणाच्या टेबलावर तो एका ग्रंथाचा हवाला देऊन गोऱ्या वंशाचें श्रेष्ठत्व सांगतो. जन्माच्या मोठेपणाचा दाखला पोथींतून काढून दाखविण्याची ही खोड आम्हांस चांगली परिचयाची आहे! हाच गृहस्थ एका गॅरेजवाल्याची बायको ठेवतो आणि उघड्या हातानें तिचें नाक फोडतो. आणि न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांत, अंगाची लाही करणाऱ्या दुपारीं, हाच गॅट्सबीला विचारतो कीं तुझा पैसा कोठला? दारूचें नांव निघतांच डेझी आपल्या कोशांत शिरते. टॉमचा पैसा कोठून आला, हें त्या खोलींत कोणी विचारीत नाहीं.

कादंबरींतली हवा हेंच सांगते. वाड्यांतून संगीत, दिवे, मद्य. पण शहराच्या वाटेवर राखेचें रान आहे. गॅरेजवाला विल्सन तेथेंच राहतो. श्रीमंतांच्या मोटारी तेथून भरधाव जातात, आणि डेझीनें चालविलेल्या मोटारीखालीं विल्सनची बायको मरते ती तेथेंच. गॅट्सबी दोष आपल्या अंगावर घेतो. टॉम विल्सनला गाडीच्या धन्याचें नांव सांगून मोकळा होतो. मग विल्सनची गोळी गॅट्सबीला, आणि दुसरी त्याची त्यालाच.

गॅट्सबीची सगळीच बाजू मला घेववत नाहीं. ज्यांच्या पंगतीला त्याला पाट मिळाला नाहीं, त्यांच्यासारखीच पंगत तो मांडून बसला. सतराव्या वर्षीं त्यानें आपलें नांव बदललें, आणि आपले आईबाप धनाढ्य होते व ते वारले, असें पुढें सांगत सुटला. बाप जिवंत होता.

तो बाप मुलाच्या मृत्यूची बातमी वाचून मिनेसोटाहून येतो. त्याच्याजवळ मुलाचें एक जुनें पुस्तक असतें. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर १२ सप्टेंबर १९०६ ही तारीख घालून पोरानें दिनक्रम लिहिलेला. सहाला उठणें, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, भाषणाचा सराव. आठवड्याची शिल्लक पांच डॉलर लिहून खोडली व तीन केली. शेवटचा निश्चय आईबापांशीं नीट वागण्याचा.

ती खोडाखोड वाचून मीं पुस्तक थोडा वेळ खालीं ठेवलें. माझ्या वर्गांत अशीं पोरें आहेत. वहीच्या मागल्या पानावर वेळापत्रक आंखतात, आणि मीच त्यांना तें आंखावयास लावतों. पहांटे उठा, वाचा, म्हणजे दारें उघडतील, असें सांगतों. दारांत टॉम बसला असेल आणि तो कुळ विचारील, हें सांगत नाहीं. सांगावें कीं न सांगावें, याचा निर्णय मला अद्याप करतां आलेला नाहीं.

म्हाताऱ्याला मात्र मुलाचा अभिमानच आहे. दोन वर्षांपूर्वीं मुलानें आपणांस घर घेऊन दिलें, असें तो सांगतो, आणि खिशांतून मुलाच्या वाड्याचें हाताळून मळलेलें छायाचित्र काढून दाखवितो. त्या वाड्यांत शेंकड्यांनीं माणसें जेवून गेलीं होतीं. दफनाच्या दिवशीं पावसांत बाप, शेजारी निक, पाद्री, चार-पांच नोकर, पोस्टमन आणि चष्मा लावणारा एक जुना पाहुणा, इतकेच जमले. डेझी नवऱ्याबरोबर गांव सोडून गेली होती. तिचा निरोप नाहीं, कीं फूल नाहीं.