पाटीवर जे लिहिता येत नाही

सीईटीचे निकाल लागले की चौकाचौकांत फ्लेक्स उगवतात. यंदा त्यांत विधी महाविद्यालयांची भर पडली आहे. सायबर लॉ, स्पेस लॉ, एआय लॉ. प्रवेश घेतानाच स्पेशलायझेशन निवडा, करिअर पक्कं! मौज अशी की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला छत्तिसावा नियम सांगतो, वकिलाने आपल्या पाटीवर अमुक कामात तज्ज्ञ असल्याचं लिहू नये. २००८ मध्ये वेबसाइटवर कामाचं क्षेत्र सांगायची मुभा मिळाली, पाटी मात्र आहे तशीच राहिली. म्हणजे सनद घेतल्यावर जे दारावर लावता येत नाही, ते कॉलेजं प्रवेशाआधीच चौकात लावताहेत. नियमाचा हेतू जाहिरातबाजी रोखण्याचा आहे हे खरं, पण बारावीच्या पोराच्या दृष्टीने तो फ्लेक्सपेक्षा शहाणा आहे.

कारण कायद्याच्या शाखा पाच वर्षं एका जागी थांबत नाहीत. २०११ साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसलेला विद्यार्थी २०१६ मध्ये बाहेर पडला, तेव्हा कंपनी लॉ बोर्ड जाऊन एनसीएलटी आलं होतं, दिवाळखोरी संहिता मंजूर झाली होती, आणि आजारी उद्योगांचं बीआयएफआर त्याच वर्षाअखेर बंद पडलं. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि व्हॅट, अबकारी, सेवाकर यांवर चालणाऱ्या ऑफिसांना नव्याने पाटी-पेन्सिल घ्यावी लागली. त्याच सुमारास घरबांधणी क्षेत्राचं नियामक महारेराही सुरू झालं. यांतलं काय २०११ च्या माहितीपत्रकात असणार होतं? मग १ जुलै २०२४ ला खुद्द दंड संहिताच बदलली. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८. खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक ज्याला नीट कळला होता, त्याला नवे आकडे पाठ करावे लागले, एवढंच. ज्याने नुसते आकडे पाठ केले होते, त्याची पंचाईत झाली.

शिवाय पक्षकार आपलं भांडण शाखा पाहून आणत नाही. तालुक्याच्या कोर्टातला साधा वाटपाचा दावा घ्या. बहीण हिस्सा मागते. वंशावळ मांडायची तर हिंदू वारसा कायदा आणि मुलींना जन्मतः हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती हवी. सातबारा आणि जुने फेरफार वाचायचे तर महसूल कायदा हवा. भाऊ जमीन विकून मोकळा होऊ नये म्हणून निशाणी ५ चा मनाईचा अर्ज पहिल्या तारखेलाच नेटका हवा. हुकूमनामा झाला की प्रकरण प्रत्यक्ष वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मग मोजणी, आणि तिथे तुकडेबंदी आडवी येते. या एका मॅटरचं स्पेशलायझेशन काय म्हणायचं? त्यात दावा, कैफियत, उलटतपासणी सगळं मराठीत. ही भाषा शिकवण्याची हमी देणारा फ्लेक्स अजून लागायचा आहे.

यावर म्हणतील, राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून मोठ्या कॉर्पोरेट फर्म थेट कॅम्पसवर येऊन मुलं उचलतात, त्याचं काय? ते खरंच आहे. ज्याला तिथे जायचंय आणि क्लॅटमध्ये वरचा क्रमांक मिळालाय, त्याने नावाजलेल्या संस्थेतच जावं; तिथे कॉलेजच्या नावाला रोख किंमत आहे. पण ती किंमत नावाची, स्पेशलायझेशनच्या विषयाची नव्हे, आणि त्या नावाची ऐपत नसलेलं कॉलेज नेमका विषयच पुढे करतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कर्ज काढून शिकलेल्या मुलाने सीनियरकडे फुकट राबायचं किती वर्षं? २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. न्यायाधीश व्हायचं म्हटलं तरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. म्हणजे उमेदवारी चुकत नाही. म्हणूनच फी कमी असलेलं, कोर्टाजवळचं आणि कोर्टात बसायला दुपार मोकळी ठेवणारं कॉलेज कर्जदार मुलाला जास्त परवडतं. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयातून हायकोर्टात चालत जाता येतं, ही सोय कुठल्याच स्पेशलायझेशनमध्ये धरलेली नसते.

आणि कोर्टं तरी जागची कुठे राहतात? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि खुद्द कोल्हापूर असे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. हायकोर्टात उभं राहायचं म्हणून पाच वर्षांपूर्वी मुंबईत भाड्याची खोली शोधणाऱ्या सांगलीच्या मुलाला कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातलं भाडं विचार असं तेव्हा कोण सांगणार होतं?