शिलोहाचा बुरूज आणि तळीयेची दरड

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या, महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडालं. असं काही घडलं की चिखल उपसून होण्याआधीच कुणीतरी म्हणतंच, ‘पापं भरली, दुसरं काय!’

हा पूर्वपक्ष थोरामोठ्यांनीही मांडलेला आहे. 1934 चा बिहारचा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी उघड विरोध केला. महाडकरांना हा वाद सहज तपासता येईल. देवाचा कोप न्यायी असता, तर 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांना ज्यांनी मारहाण केली, नेमकी त्यांचीच घरं त्यानं हुडकली असती. दरड उतार बघते, माती किती भिजली ते बघते. कुणाचं पाप बघत नाही.

ख्रिस्ताचं म्हणणं याहून स्पष्ट आहे. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते इतरांहून अधिक पापी होते का, असं विचारून त्यानंच ‘नाही’ असं उत्तर दिलं. लगेच पुढे तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, हे खरं. पण बोट जिवंतांकडे आहे, ढिगाऱ्याखालच्यांकडे नाही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमधली तारिक गार्डन इमारत कोसळून सोळा जण गेले, तेव्हा पश्चात्ताप कुणी करायचा होता, हे काही गूढ नव्हतं.

आता आमच्याच ख्रिस्ती मंडळीतला पूर्वपक्ष. ‘विश्वास ठेव, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही’ असं सांगणारे उपदेशक श्रद्धेची विमा पॉलिसी करून टाकतात. ज्याच्या नावानं ते बोलतात तो स्वतः क्रुसावर गेला, आणि आदल्या रात्री बागेत व्याकूळ झाला होता. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरीपाशी तो रडला. ख्रिस्ती शांतीत रडायला मनाई नाही. मेलेल्याचा हिशेब आपल्याला मांडायचा नाही आणि तो देवाच्या हातून निसटलेला नाही, एवढाच तिचा आधार.

‘मग ही अफूच की!’ बुद्धिवाद्यांचा हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ‘देवाची करणी’ म्हटलं की कंत्राटदार सुटतो आणि सरकारी फाइल मिटते. 2005 मध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडींनी माणसं गाडली होती. तळीये त्यानंतर सोळा वर्षांनी. पण अफूनं पंडिता रमाबाई घडत नाहीत. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील, बहीण गेले. 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांनी मुक्ती सदन उभं केलं. असल्या शांतीला निष्क्रिय म्हणणाऱ्यानं केडगावला एकदा जाऊन यावं.

राहतो शेवटचा प्रश्न: देवानं दरड थांबवली का नाही? बायबलमधल्या ईयोबाची मुलं वादळात घर कोसळून मेली. त्यानं हेच विचारलं आणि त्यालाही कारण मिळालं नाही. देव शेवटी रागावला तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही, तर त्याला त्याची पापं समजावून सांगणाऱ्या मित्रांवर.