निवृत्तीनंतरची पंचावन्न वर्षे

क्लॉड चूल्स १९५६ साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय ५५ होते. ५ मे २०११ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ११० वर्षांचे होते. आयुष्याचा अर्धा भाग नोकरी संपण्यापूर्वीचा आणि अर्धा त्यानंतरचा! निवृत्तिवेतनाचा कोणताही तक्ता तयार करताना असा माणूस कोणी गृहीत धरीत नसेल. जगाने त्यांना ओळखले ते मात्र पहिल्या अर्ध्या भागासाठी. पहिल्या महायुद्धात रणसेवा बजावलेल्या सैनिकांपैकी ते जगातील शेवटचे होते.

त्यांचा जन्म ३ मार्च १९०१ रोजी इंग्लंडमधील पर्शोर या गावी झाला. आई वारली, असे त्यांना बालपणी सांगण्यात आले होते. वस्तुतः ती रंगभूमीवर काम करण्यासाठी घर सोडून गेली होती. चौदाव्या वर्षी ‘मर्क्युरी’ या शिक्षणनौकेवर ते दाखल झाले. प्रसिद्ध क्रिकेटपटू सी. बी. फ्राय, म्हणजे नवानगरच्या रणजितसिंहांचे स्नेही, तेथील प्रमुख होते. १९१७ साली ‘रिव्हेंज’ या युद्धनौकेवर त्यांची नेमणूक झाली.

या नौकेवरून त्यांनी जे पाहिले, ते पाहणारा पुढे कोणीच उरला नाही. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ जर्मनीचे बलाढ्य आरमार एकामागून एक नौका पुढे आणीत स्वाधीन झाले. ब्रिटिश तोफा सज्ज होत्या. एकीतूनही गोळा सुटला नाही. सात महिन्यांनी, २१ जून १९१९ रोजी, स्कापा फ्लो येथे अडकवून ठेवलेल्या त्याच आरमाराला जर्मन खलाशांनी स्वतःच जलसमाधी दिली. ७४ पैकी ५२ नौका तळाला गेल्या. वर्षानुवर्षे ज्यांवर राष्ट्राचा पैसा आणि श्रम खर्ची पडले, त्या नौका एका दिवसात बुडताना अठरा वर्षांच्या मुलाने पाहिल्या.

१९२६ साली नौदल शिक्षक म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले. त्या प्रवासात आगबोटीवर एथेल नावाच्या तरुणीशी त्यांची ओळख झाली आणि वर्ष संपण्यापूर्वीच विवाहही झाला. तो संसार ७६ वर्षे चालला. २००३ साली एथेलबाई गेल्या, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. आईविना वाढलेल्या या माणसाने घर मात्र कधी विस्कटू दिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे विलक्षण काम होते. एस्परन्सजवळ किनाऱ्याला लागलेला जर्मन पाणसुरुंग त्यांनी निकामी केला. त्या युद्धात ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर वाहत आलेला तो पहिलाच सुरुंग. जपानी सैन्य उतरलेच, तर फ्रीमँटल बंदर आणि तेथील तेलाच्या टाक्या उडवून देण्याची जबाबदारीही त्यांच्यावर होती. आपल्याच गावचे बंदर आपल्याच हातांनी नष्ट करण्याची तयारी करावयाची आणि ती वेळ येऊ नये म्हणून प्रार्थनाही करावयाची, अशी ती नोकरी! ती वेळ आली नाही.

नौदलात त्यांच्या दर्जाच्या खलाशांना पन्नासाव्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. गोदी पोलीस दलात ही मर्यादा ५५ होती. म्हणून युद्धानंतर त्यांनी गोदी पोलिसांत बदली करून घेतली. पाच वर्षांच्या वाढीव सेवेचा हा हिशेब कोणत्याही सरकारी नोकराला तत्काळ उमजेल. निवृत्तीनंतर त्यांनी लहानशी होडी घेऊन दहा वर्षे खेकड्यांच्या जातीचे जलचर पकडण्याचा व्यवसाय केला. आपल्या वाचकांना तो रुचणार नाही. पण घडले ते वगळणे योग्य नव्हे.

खरे नवल पुढचेच. ऐंशी उलटल्यावर ते लेखनवर्गाला जाऊ लागले आणि आठवणी लिहून काढल्या. हे लेखन मुळात कुटुंबीयांसाठी होते; त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले ते २००९ साली, लेखकाच्या वयाच्या १०८ व्या वर्षी. सोबतचे शिपाई एकेक करून गेले, तसतसे पत्रकार आणि मानमरातब त्यांच्या दारी येऊ लागले. ऑस्ट्रेलियात दर २५ एप्रिलला सैनिकांच्या स्मरणार्थ संचलन होते. ज्या गॅलिपोलीच्या लढाईची ती तिथी, तीत त्यांचे दोन थोरले बंधू लढले होते. तरीही चूल्स संचलनात जात नसत. युद्धाचा गौरव करणे त्यांना मान्य नव्हते. चाळीस वर्षे ज्या खात्याचे वेतन घेतले, त्याच्या कामात त्यांनी कसूर केली नाही आणि त्या कामाचा उत्सवही केला नाही. या दोन गोष्टी एकत्र सांभाळणे अवघड असते. अनेक जण दुसरी साधण्यासाठी पहिलीत कुचराई करतात.

अखेरच्या वर्षांत दृष्टी आणि श्रवण जवळजवळ गेले होते. दीर्घायुष्याचे रहस्य विचारले की श्वास घेत राहा, एवढेच ते सांगत.

त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन नौदलाने एका मोठ्या वाहतूक नौकेला ‘चूल्स’ हे नाव दिले.  साध्या खलाशाच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस मॅलाकूटा या किनारी गावाला वणव्याने वेढले आणि रस्ते बंद झाले. तेव्हा जानेवारी २०२० मध्ये धुराने काळवंडलेल्या किनाऱ्यावरून मुलेबाळे आणि पाळीव कुत्र्यांसह सुमारे एक हजार माणसांना हीच नौका सुखरूप घेऊन गेली.