फॅशन म्हणजे नखरे नव्हेत



इंदापूर तालुक्यातील आमच्या एक भगिनी परवा आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीच्या हातात बारामतीला होणाऱ्या युवक-युवतींच्या फॅशन व शिवण स्पर्धेचा फॉर्म होता. सगळा भरलेला, फक्त पालकाची सही राहिलेली. "ताई, हिचे वडील सही करीत नाहीत. म्हणतात, फॅशनच्या नादाने पोर वाया जाईल. आता तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून त्या माऊलीने पदराने घाम पुसला.

खरे सांगायचे, तर फॅशन हा शब्द वाचून आमच्याही कपाळाला आठी पडली. झगमगीत दिवे, तोकडे कपडे आणि उंच टाचा हेच चित्र आमच्या डोळ्यांपुढे आले. मुलीने मात्र वाद घातला नाही. तिने पिशवीतून स्वतः शिवलेला कुर्ता काढला, उलटा केला आणि म्हणाली, "ताई, आतून बघा." आत एक दोरा लोंबत नव्हता. मुंढ्याची शिलाई दोन्हीकडे सारखी, घडीची पट्टी जागच्या जागी. त्या उलट्या कुर्त्याने आमचे तोंड बंद केले.

मग आम्ही विचार करू लागलो. वस्त्राचा प्रश्न आपल्या समाजाला नखऱ्याचा कधी होता? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे कोणी काय नेसावे हेही जातीने ठरवले होते. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब आपल्या आयाबहिणींशी लुगड्याविषयी बोलले. नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते ती सोडा, अंगभर नीट नेसा, कथिल-पितळेच्या दागिन्यांचे ओझे उतरवा, फाटके का असेना पण स्वच्छ वापरा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. चळवळीतील सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना त्यात मदत केली. लुगड्याचा घोळ घोट्यापर्यंत आला, तोही मुक्तीच्या लढ्याचाच भाग होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय शुभ्र वस्त्रांत जमला. त्या पांढऱ्या रंगाला कोणी फॅशनचे वेड म्हणेल काय?

आणि शिवणाचे काम हलके, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विनयपिटकातील एक प्रसंग सांगू. चारिका करताना तथागतांना मगधातील भातशेते दिसली. बांध घातलेली, लांब आणि आडव्या पट्ट्यांत विभागलेली. भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे बेतून, लांब व आखूड शिवणी टाकून तसे चीवर तयार केले. थोडक्यात सांगितलेले याने विस्ताराने जाणले, अशी तथागतांनी त्याची वाखाणणी केली. आजही चीवर तुकडे जोडूनच शिवतात. चीवर हे त्यागाचे वस्त्र आहे, त्याची फॅशन करू नये. पण बेतणे आणि शिवणे ही बुद्धीची कामे आहेत, हे यावरून आपण निश्चित शिकावे.

आता व्यवहाराचे बोलू. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत टेक्सटाइल पार्क आहे. तिथे मशीनवर बसणाऱ्यांत बायाच बहुसंख्य. ते कष्टाचे आणि मानाचे काम आहे. परंतु दिवसभर एकच कॉलर किंवा एकच बाही जोडणारी आणि आख्खा कपडा कागदावर बेतणारी, यांच्या मजुरीत फरक पडतो. आपल्या वस्त्यांतही जिल्हा परिषदेच्या योजनेतून शिवणयंत्रे आली. त्यांतली कित्येक फॉल-पिको आणि ब्लाउजपुढे गेली नाहीत, कारण पुढचे शिकायला कोणी उत्तेजन दिले नाही. स्पर्धा हे उत्तेजन देते. परीक्षक आतली शिवण पाहतो, मापाला टेप लावतो, वेळ मोजतो. तिथे आडनाव नव्हे, टाका बोलावा लागतो.

ही वाट बारामतीपाशी संपतही नाही. इंडियास्किल्स या देशपातळीवरील कौशल्य स्पर्धेत फॅशन टेक्नॉलॉजी हा विषय असतो. त्यातून निवडलेली मुले वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेला जातात. २०२४ साली ती फ्रान्समधील लिऑं शहरात भरली होती. तिथे या विषयाला वयाची मर्यादा साधारण २२ वर्षांची असते, म्हणून तयारी लवकर हवी. स्पर्धकाला आकृती काढणे, बेतणे, कापणे, शिवणे हे सारे ठरल्या वेळात करावे लागते आणि कपडा पुतळ्यावर चढवून तपासला जातो.

मुलींनो, तयारीचे चार शब्द. आधी खाकी कागदावर बेता, मग कापडाला कात्री लावा. नवे सुती कापड धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर मागाहून आटते. प्रत्येक शिवण झाली की इस्त्री फिरवा. घड्याळ समोर ठेवून तोच कपडा तीनदा शिवा. तिसऱ्या वेळी हात आपोआप चालतो. महाग कापड लागतेच असे नाही. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत आल्या. ही मुलगीही शिंप्याकडच्या कातरणांचे तुकडे जोडून जाकीट करणार आहे.

रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. वडील ऊसतोडीवर राबलेले, शब्द मोजून बोलणारे. ते म्हणाले, "ताई, माझी पोर स्टेजवर लोकांपुढे मिरवायची नाही." आम्ही सांगितले, "दादा, स्पर्धकाने स्वतः घालून मिरवावे असे नियमांत कुठेच नाही. कपडा पुतळ्यावर ठेवता येतो. मिरवेल तो तिच्या हातचा गुण." ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तो कुर्ता मागून घेतला, उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. पेन मुलीनेच पुढे केले.

मायलेकी आता एसटीने निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर करीत बारामतीला जातील. २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट आहे, तेवढीच बचत. बक्षीस मिळेल न मिळेल. पण आपल्या घरात असा एखादा फॉर्म सहीवाचून पडला असेल, तर बंधूंनो, नाही म्हणण्याआधी पोरीने शिवलेला कपडा एकदा उलटा करून पाहा.

भवतु सब्ब मंगलं.