शक्ती जरूर द्या, पण किंमत लावून

रविवारी मित्रमंडळींना जमवून डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवणाऱ्या डीएम मंडळींना एक विनंती आहे. खेळाडूने नवी शक्ती मागितली तर लगेच नाही म्हणू नका, आणि ऐकताक्षणी मंजूरही करू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या.

होमब्रू करण्यात वावगं काहीच नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली छापून आला, तेव्हापासून जागोजागचे खेळाडू त्यात पदरचे नियम घालत आले आहेत. २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये तर स्वतःचे स्पेल कसे रचावेत याचा तक्ताच दिलेला आहे. प्रश्न असतो तो मापाचा.

बरेच नवे डीएम इथेच चुकीच्या बाजूला बघतात. शक्ती जास्त झाली तर राक्षस पटकन मरतील, याची त्यांना काळजी असते. पण राक्षस कधी रुसत नाहीत. ते कमी पडले तर आणखी चार आणता येतात. रुसतो तो शेजारच्या खुर्चीवरचा खेळाडू. त्याची टर्न येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल, तर दोन-तीन रविवारांनंतर त्याला नेमकं काहीतरी काम निघतं. म्हणून शक्ती तोलायची ती सोबत्यांच्या शक्तीशी.

एक उदाहरण घेऊ. पाचव्या लेव्हलच्या फायटरला दांडपट्टा हवा आहे. मागणी रास्त आहे, आपल्याकडच्या खेळाडूला हे सुचणारच. तो म्हणतो, ‘पट्ट्याला ग्रेटसोर्डइतकं डॅमेज द्या, आणि प्रत्येक वार लागला की वर २डी६ जादा.’ दोनच तर फासे, असं वाटतं. आता २०१४च्या नियमांनी हिशेब करू. स्ट्रेंग्थ १८ आणि समोरच्याचा आर्मर क्लास १५ धरला, तर वार लागण्याची शक्यता ६५ टक्के. एका वाराचे सरासरी ११, टर्नला वार दोन, म्हणजे राऊंडमागे साधारण १४.३. त्याच लेव्हलचा, डेक्स्टेरिटी १८ असलेला रोग शॉर्टसोर्ड आणि स्नीक अटॅक धरून ११.७ काढतो. इथवर दोघे एका पंगतीत आहेत. जादा २डी६ दिले की फायटर २३.४ वर जातो, म्हणजे रोगच्या बरोबर दुप्पट. दबा धरून, जागा साधून वार करणाऱ्या रोगने मग करायचं काय?

तरीही मागणी फेटाळू नका. पट्टेकऱ्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. तो गर्दीत शिरतो आणि पट्टा चौफेर फिरवतो. मग नियमही तसाच करा. टर्नमध्ये एकदा, वार लागला तर पाच फुटांच्या आतल्या दुसऱ्या शत्रूला १डी६ डॅमेज. दोन वारांपैकी एक तरी लागण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरासरी तीनेक पॉइंटांची भर. फायटर सतराच्या घरात राहतो. शिवाय ही भर मिळवायला त्याला दोन शत्रूंच्या मध्ये उभं राहावं लागतं, मार खावा लागतो. थाट आहे तसाच राहिला आणि किंमतही वसूल झाली.

शत्रूची टर्न हिरावणाऱ्या शक्तींपासून जास्तच जपा. ‘वार लागला की समोरचा पुढची टर्न गमावतो’ हे लिहायला एक ओळ लागते. पण वरचाच ८८ टक्क्यांचा आकडा लावून बघा. एकट्या बॉससमोर चार खेळाडू असतील, तर तो जवळपास प्रत्येक राऊंड नुसता उभा राहील. मंकच्या स्टनिंग स्ट्राइकला २०१४च्या नियमांनी दोन लगाम घातले आहेत. दर वेळी एक की पॉइंट खर्च होतो, आणि वर शत्रूला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळतो. पाचव्या लेव्हलला असे पॉइंट पाचच असतात. तुमच्या शक्तीलाही निदान एवढे लगाम हवेत.

माप घेताना फायरबॉल समोर ठेवू नका. गाइडमधला तक्ता तिसऱ्या लेव्हलच्या, अनेकांना लागणाऱ्या स्पेलला ६डी६ देतो, म्हणजे सरासरी २१. फायरबॉल ८डी६ घेतो, म्हणजे २८. तो लाडका अपवाद आहे. त्याच्या बरोबरीने चार शक्ती रचल्यात तर अपवाद हाच नियम होऊन बसेल.

‘लाँग रेस्टमागे एकदा’ या अटीवरही विसंबू नका. २०१४चं गणित दिवसाला सहा ते आठ लढाया धरून बांधलेलं आहे. आपल्या टेबलावर दिवसाला एक, फार तर दोन होतात. अशा ठिकाणी दिवसातून एकदा म्हणजे प्रत्येक लढाईत एकदा. ती अट लिहिली काय आणि न लिहिली काय, सारखंच. तुमच्याकडे खरोखर किती लढाया होतात ते मोजा, मग अट घाला.

सुरुवात कमीपासून करा. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घेता येतं. दिलेली शक्ती काढून घेताना मात्र खेळाडूचं तोंड उतरतं. आणि देतानाच सगळ्यांसमोर सांगून टाका, ‘ही कच्ची आहे, दोन-तीन सेशननंतर बदलू शकते.’ भर लढाईत नियम फिरवू नका. त्या रात्री चुकीचा निकाल लागला तरी लागू द्या, दुरुस्ती पुढच्या खेळाआधी करा. आणि शक्ती दुबळी निघाली तर तीही तितक्याच तत्परतेने सुधारा.

पुढच्या खेळाआधी प्रत्येक नव्या शक्तीसाठी एक कार्ड करा. अ‍ॅक्शन की बोनस अ‍ॅक्शन, खर्च काय, किती वेळा, सेव्ह कोणता, पल्ला किती, या पाच गोष्टी त्यावर लिहा. एखादी जागा कोरी राहिली, तर ती भरेपर्यंत कार्ड खेळाडूच्या हाती देऊ नका. सेशन संपल्यावर विचारायचं ते शक्ती मिळालेल्याला नव्हे, बाकीच्या तिघांना विचारा. त्यांनाही मजा आली असेल, तर पट्टा कायमचा देऊन टाका.