गुरुजींचा रक्तदाब

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या ओपीडीत शिक्षकांची गर्दी वाढते. एरवी यायला सवड नसते. तक्रारी ठरलेल्या: बसलेला आवाज, डोकेदुखी, आम्लपित्त, झोप न लागणे. शिक्षिकांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग बराच आढळतो. शाळेत धड स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात. आणि सहज म्हणून रक्तदाब मोजला तर तो वाढलेला निघतो.

सततच्या ताणाने शरीर सदैव सावध राहते. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके चढी राहतात, झोप उथळ होते, चिडचिड वाढते. याचे टोक म्हणजे ‘बर्नआउट’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले. खूण तिहेरी आहे: गळून जाणे, कामाबद्दल तुटलेपण आणि ‘आपल्याने काही होत नाही’ ही भावना. मला काळजी दुसऱ्या खुणेची वाटते, कारण तिची किंमत मुले मोजतात.

आपल्या जिल्ह्यात तर जास्तच. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात. लेकरू मागे ठेवा म्हणून आजी-आजोबांची मनधरणी शिक्षकच करतात, हंगामी वसतिगृहासाठी नावे तेच गोळा करतात. तरीही जे मूल कारखान्यावर जाते, ते परतते तेव्हा वाचन विसरलेले असते आणि वर्गात मान खाली घालून बसते. त्याला पुन्हा अभ्यासाकडे वळवायला बक्षिसे नि घोषणा लागत नाहीत. कुणीतरी शेजारी बसून ‘काल अडलेला शब्द आज वाचलास की!’ म्हणावे लागते. त्यासाठी शिक्षकाचे लक्ष मोकळे हवे. माहिती भरायचा निरोप दर तासाला मोबाइलवर येत असेल, तर ते कुठून राहणार?

शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना लावू देते. पण पोषण आहाराच्या नोंदी, फोटो, सर्वेक्षणे, निरनिराळी ॲप यांना अंत नाही. २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यातले शिक्षक सामूहिक रजा घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा अशैक्षणिक कामांचा बोजा हाही त्यांच्या तक्रारींत होता.

यावर तणावमुक्तीची कार्यशाळा रविवारी ठेवायची आणि तिचेही फोटो मागवायचे, याला उपचार म्हणत नाहीत! एकच माहिती तीनदा मागू नये, शाळेच्या वेळेत निरोप नकोत, सायंकाळनंतर तर नकोतच. एवढे केंद्र आणि तालुका पातळीवर ठरवता येते, त्याला निधी लागत नाही. स्वच्छतागृहाला लागतो, तो ग्रामपंचायतीने आधी द्यावा.

शिक्षकांनीही सुट्टीची वाट पाहू नये. तिशीनंतर रक्तदाब आणि साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. ओरडून शिकवण्यापेक्षा मुलांना जवळ बसवावे, तासागणिक दोन घोट पाणी प्यावे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर घसा दाखवावाच. झोप उडाली असेल, शाळेत जाणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते.